पटावरून पटात

बुद्धिबळाच्या पटापुढे बसलेला मनुष्य आपल्या सैन्याच्या वर असतो, सैन्यात नसतो. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पटावर राजा असतो, वजीर असतो, हत्ती, घोडे, उंट आणि प्यादी असतात. परंतु खेळणारा त्यांपैकी कोणीही नसतो. तो सर्वांना एकाच वेळी पाहतो आणि स्वतः कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. एखादे प्यादे मारले गेले तर ते उचलून बाजूला ठेवण्यापलीकडे त्याला काही करावे लागत नाही. आणि नवा डाव मांडताच मेलेली सर्व प्यादी पुन्हा ताठ उभी राहतात.

हत्ती, घोडे, रथ व पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून ज्याला चतुरंग हे नाव मिळाले, तो हा खेळ इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास भारतातून इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि पुढे युरोपात पोहोचला. आज संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर जे व्हिडिओ गेम चालतात, त्यांतील दोन मोठ्या जातींचे मूळ शोधू लागले तर माग याच पटापर्यंत येऊन पोहोचतो. एक जात डावपेचांच्या खेळांची. खेळाडू तिला स्ट्रॅटेजी म्हणतात. येथे खेळणारा सेनापती किंवा राज्यकर्ता होऊन नकाशावरून सूत्रे हलवितो. दुसरी जात भूमिकेच्या खेळांची, म्हणजे रोल-प्लेइंगची. येथे तो एका व्यक्तीचे सोंग घेतो आणि तिच्या डोळ्यांनी जग पाहतो.

या दोन जातींच्या चाहत्यांत जुना वाद आहे. पहिला पक्ष म्हणतो की, बुद्धीची खरी कसोटी डावपेचांतच लागते. भूमिकेचे खेळ म्हणजे चाली देत देत वाचलेली कादंबरी. दुसरा पक्ष उत्तर देतो की, नकाशावर ठोकळे सरकविण्यात माणुसकीचा ओलावा तो कोठला? इतिहास पाहिला तर मात्र असे आढळते की, ही दोन निराळी घराणी नव्हेत. एकाच घराण्याच्या या दोन पिढ्या आहेत. आणि दुसरी पिढी जन्मास आली ती कोणा कारखानदाराच्या योजनेतून नव्हे, तर पटावरून खाली उतरून पटात शिरण्याच्या खेळाडूंच्या हट्टातून.

या इतिहासाचा प्रारंभ जर्मनीत होतो. ब्राउनश्वाइगच्या दरबारी योहान ख्रिस्तियान लुडविग हेल्विग नावाचा एक गणिती होता. सरदारघराण्यांतील मुलांना तो शिकवीत असे. त्यांना युद्धशास्त्राचे पाठ गोडीने शिकता यावेत म्हणून त्याने १७८० साली बुद्धिबळाचा पट वाढविला. चौसष्ट घरांऐवजी दीड हजारांहून अधिक घरे झाली. त्यांतील काही घरांना डोंगराचा, काहींना पाण्याचा, काहींना दलदलीचा रंग मिळाला. मोहऱ्यांच्या जागी पायदळ, घोडदळ आणि तोफखाना आला. तथापि हे सर्व चौकटींतच चालले होते. नदी घराच्या कडेनेच वळणार आणि सैन्य घर मोजूनच चालणार, अशी ती भूमी होती.

ही चौकट मोडली ती प्रशियात. ब्रेस्लाऊ येथील गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने चौकटींवाचून खेळता येईल असा युद्धखेळ तयार केला आणि १८१२ साली तो राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याच्यापुढे मांडला. त्याचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ साली या खेळाचे सविस्तर नियम प्रसिद्ध केले. आता खऱ्याखुऱ्या प्रमाणबद्ध नकाशावर तांबडे आणि निळे ठोकळे मांडले जाऊ लागले. एक फेरी म्हणजे दोन मिनिटांचा अवधी. गोळीबाराने किती माणसे पडली हे फासे टाकून आणि कोष्टके पाहून ठरवावयाचे. प्रशियाचा सरसेनाधिकारी जनरल म्युफ्लिंग प्रथम नाखुशीनेच हा प्रयोग पाहावयास बसला. परंतु संपेपर्यंत त्याचे मत पालटले, आणि हा खेळ नसून युद्धाचीच शाळा आहे, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले. पलटणीपलटणींतून हा खेळ पोहोचला. दुर्दैव असे की, तो रचणाऱ्या तरुण राइसविट्झला त्याचे फळ लाभले नाही. बदली आणि निराशा यांनी खचून त्याने १८२७ साली आत्महत्या केली.

राइसविट्झच्या खेळातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट फासे नव्हेत आणि नकाशाही नव्हे. ती गोष्ट म्हणजे पंच. दोन्ही सेनापती आपापले हुकूम लिहून पंचाच्या हाती देत. आणि शत्रूची जी तुकडी खरोखर दिसू शकेल, तेवढीच नकाशावर मांडली जाई. संपूर्ण सत्य एकट्या पंचाला ठाऊक. बुद्धिबळात खेळाडूला सर्व पट दिसत होता. येथे प्रथमच त्याच्या दृष्टीला मर्यादा पडली. पटावरून खाली येण्याची ही पहिली पायरी होय.

१८७०-७१ साली प्रशियाने फ्रान्सचा पराभव केल्यावर इतर राष्ट्रांचेही लक्ष या खेळाकडे वळले. पण ज्यांनी तो वर्षानुवर्षे खेळला होता, ते मात्र कुरकुर करू लागले होते. कोष्टके पाहून पाहून पंच थकून जातो आणि दोन मिनिटांच्या चकमकीला अर्धा तास लागतो, अशी तक्रार होती. याकोब मेकेल याने १८७३ साली या दोषांवर टीका केली. युलिउस फॉन व्हेर्डी दु व्हेर्न्वा याने १८७६ साली तर कोष्टके व फासे दूर सारावेत आणि अनुभवी पंचाने आपल्या विवेकाने निर्णय द्यावा, असा पक्ष मांडला. येणेप्रमाणे दोन संप्रदाय झाले. एक कडक नियमांचा आणि दुसरा मोकळ्या निर्णयाचा. नियम न्याय्य असतात, परंतु त्यांना सगळ्या शक्यता दिसत नाहीत; माणसाला शक्यता दिसतात, परंतु तो पक्षपात करू शकतो. या खेळांविषयी आजचे खेळाडू जे जे वाद घालतात, त्यांतील निम्म्यांचे बीज या जुन्या तंट्यात सापडते.

इंग्लंडात हा खेळ लष्कराच्या दालनातून घराच्या जमिनीवर आणला तो प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स याने. १९१३ साली त्याने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. शिशाचे शिपाई आणि स्प्रिंगने गोळी उडविणारी खेळण्यातली तोफ एवढ्यावर त्याचा खेळ चाले. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातले युद्ध कितीतरी बरे, आणि ज्याने ते दोन-चार वेळा खेळून पाहिले त्याला खरे महायुद्ध किती गोंधळाचे होईल याची कल्पना येईल, असे त्याचे प्रतिपादन होते. पुस्तक निघाले आणि दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

दुसऱ्या महायुद्धात अशा खेळाचा एक विलक्षण उपयोग झाला. जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात ब्रिटनची मालवाहू जहाजे बुडवीत होत्या. त्यांच्याशी कसे झुंजावे हे शोधण्यासाठी जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स याच्या हाताखाली एक केंद्र उघडण्यात आले. त्याचे बहुतेक साहाय्यक म्हणजे नौदलाच्या महिला शाखेतील तरुण मुली होत्या. दालनाची जमीन हाच समुद्र. तिच्यावर खडूने जहाजांचे आणि पाणबुड्यांचे मार्ग आखले जात. खेळणाऱ्या अधिकाऱ्यांना मात्र कापडी पडद्याआड बसवीत आणि त्या पडद्यातील लहानशा फटीतून पाहावयास लावीत. प्रत्यक्ष जहाजाच्या पुलावरून जेवढे दिसले असते, तेवढेच त्यांना दिसावे हा हेतू. सुमारे पाच हजार अधिकारी या शाळेतून शिकून गेले आणि तेथे शोधलेले डावपेच समुद्रावर उपयोगी पडले. पटाच्या वर बसून जे उमजत नव्हते, ते फटीतून पाहू लागल्यावर उमजले.

युद्धानंतर अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स या तरुणाने १९५४ साली ‘टॅक्टिक्स’ नावाचा खेळ विकावयास काढला. पुढे त्याची कंपनी ॲव्हलॉन हिल या नावाने प्रसिद्धीस आली. युद्धखेळ आता दुकानात पेटीत मिळू लागला. १९६१ पासून त्याच्या पटावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे आली. १९६४ साली या कंपनीने ‘द जनरल’ हे नियतकालिक काढले. नियमांतील शंका, डावांची चिकित्सा आणि प्रतिस्पर्धी हवा असल्याच्या जाहिराती यांनी त्याची पाने भरत. आतापर्यंत खेळ रचणारा बोलत होता आणि खेळणारा ऐकत होता. आता खेळणाऱ्याच्या मताला छापील जागा मिळाली. गावोगाव युद्धखेळांची मंडळे निघाली.

अशाच एका मंडळात, मिनियापोलिस व सेंट पॉल या जुळ्या शहरांत, १९६९ साली एक घटना घडली. डेव्हिड वेस्ली या तरुणाने नेपोलियनच्या काळातील एक डाव मांडला. ब्राउनश्टाइन नावाचे काल्पनिक जर्मन गाव. दोन बाजूंनी दोन सैन्ये येत आहेत. खेळावयास मात्र दोनांहून पुष्कळ अधिक मंडळी जमली होती. तेव्हा वेस्लीने उरलेल्यांना गावातील माणसे वाटून दिली. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. १८८० साली चार्ल्स टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने लिहिलेले युद्धखेळाचे पुस्तक वेस्लीच्या वाचनात आले होते. खेळाडूने काहीही करावयाचे म्हटले तरी पंचाने त्याचा निर्णय द्यावा, हे तत्त्व त्याने त्यातून उचलले होते.

वेस्लीची योजना अशी होती की, एकेका खेळाडूला निराळ्या खोलीत बोलवावे आणि त्याचा हुकूम ऐकून घ्यावा. घडले भलतेच. बाहेर थांबलेली मंडळी आपसांत कुजबुजू लागली, कट रचू लागली; दोघे जण तर द्वंद्वयुद्धास उभे राहिले. त्याला नियमांत कोठेच आधार नव्हता, म्हणून वेस्लीला तेथल्या तेथे निर्णय द्यावा लागला. सैन्ये गावात पोहोचण्याची पाळीच आली नाही. आपला प्रयोग पार फसला अशी समजूत करून घेऊन वेस्ली घरी गेला. पण खेळाडूंचे मत अगदी उलट होते. असा आनंद कधी मिळाला नव्हता, पुन्हा केव्हा मांडतोस, असा त्यांनी लकडा लावला. रचणाऱ्याला जे अपयश वाटले, त्यात खेळणाऱ्यांना एका नव्या खेळाचा जन्म दिसला होता.

त्या खेळाडूंपैकी एक डेव्ह आर्नेसन. त्याने ब्लॅकमूर नावाचा एक काल्पनिक मुलूख रचला आणि आपल्या सोबत्यांना तेथील किल्ल्याच्या तळघरांत उतरविले. प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला एकच माणूस. परंतु तो माणूस एका डावातून दुसऱ्या डावात जिवंत राही, अनुभवाने वाढे, आणि मेला की कायमचा जाई. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा गावी गॅरी गायगॅक्स हा अशाच खेळांचा दुसरा नादिष्ट राहत होता. मध्ययुगीन लढायांच्या नियमांचे एक पुस्तक त्याने १९७१ साली जेफ पेरन याच्यासह लिहिले होते. आर्नेसनने त्याला ब्लॅकमूर दाखविला आणि दोघांच्या श्रमांतून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. गंमत अशी की, मुखपृष्ठावर त्याचे वर्णन युद्धखेळाचे नियम असेच केलेले होते. मूल निराळे निपजले होते, पण नाव अजून बापाचेच लावीत होते.

आता हा खेळ संगणकात शिरला. इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची शिक्षणासाठी बनविलेली संगणकव्यवस्था होती. १९७५ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी तिच्यात गुपचूप तळघरांचे खेळ लिहिले. ‘पेडिट५’ नावाचा खेळ तर अभ्यासाचा पाठ भासावा असे नाव घेऊन लपला होता. व्यवस्थापकांच्या ध्यानात येताच त्यांनी तो पुसून टाकला. त्याच सुमारास गुहांतून भटकण्याचा छंद असलेल्या विल क्राउथर या संगणकतज्ज्ञाने केंटकी राज्यातील मॅमथ गुहेच्या आधारे केवळ शब्दांचा एक खेळ आपल्या लहान मुलींसाठी रचला. डॉन वुड्स याने १९७७ साली त्यात भर घातली आणि ती गुहा साऱ्या संगणकविश्वात गाजली.

पण संगणकाबरोबर एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. संगणक हा पंच खरा, परंतु तो मेकेलच्या काळातील कडक पंच आहे. कोष्टके पाहण्याचा कंटाळा त्याला येत नाही. हजार फासे तो क्षणात टाकतो. मात्र द्वंद्वयुद्धाची हाक कोणी दिली आणि लिहिणाऱ्याने तिची कल्पना केलेली नसली, तर तो मूक राहतो. म्हणून संगणकावरील भूमिकेच्या खेळांत सोंगापेक्षा आकड्यांचाच भरणा झाला. बळ किती, विद्या किती, सोने किती, किती प्राणी मारले म्हणजे पुढची पायरी मिळते, असा हिशेब सुरू झाला. खेळाडू पटात उतरला, पण उतरताना मोजण्याची वरची सवय बरोबर घेऊन आला.

हा दोष ज्याला बोचला, त्यात रिचर्ड गॅरियट याचे नाव प्रथम घ्यावयास हवे. ‘अल्टिमा’ ही त्याची खेळमाला १९८१ साली सुरू झाली. खेळाडूंकडून येणाऱ्या पत्रांतून त्याला कळले की, जगाचे रक्षण करावयास निघालेले हे वीर वाटेत दुकाने लुटतात आणि निरुपद्रवी गावकऱ्यांना ठार मारतात, कारण खेळात त्यानेच लवकर बळ मिळते. काही पालकांची पत्रे तर अत्यंत कडवट होती. त्या पत्रांचा परिणाम १९८५ सालच्या चौथ्या ‘अल्टिमा’त दिसतो. तेथे शेवटी मारावयाचा असा दुष्ट राक्षसच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, धैर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, आत्मिकता आणि नम्रता हे आठ सद्गुण अंगी आणावयाचे, हाच विजय. एक आंधळी बाई औषधी विकते. पैसे खेळाडूनेच मोजून द्यावयाचे. कमी दिले तरी ती काही बोलत नाही. माल मिळतो, खेळ पुढे चालतो. पण संगणकाने ते टिपून ठेवलेले असते, आणि प्रामाणिकपणाची परीक्षा येते त्या दिवशी तो हिशेब समोर उभा राहतो.

या खेळाच्या नावात ‘अवतार’ हा शब्द आहे. संस्कृतात त्याचा धात्वर्थच खाली उतरणे असा आहे. पुढच्याच वर्षी ‘हॅबिटॅट’ नावाच्या दुसऱ्या एका खेळात पडद्यावरील आपल्या आकृतीला हाच शब्द योजण्यात आला आणि आज तो जगातील अनेक भाषांत त्या अर्थाने रूढ आहे. पटाच्या वर बसण्याचा खेळ भारतातून गेला. पटात उतरणाऱ्याचे नावही भारतीय भाषेतूनच गेले.

डावपेचांच्या खेळांना विवेक नव्हता, असे मात्र नव्हे. त्याच १९८५ साली ख्रिस क्रॉफर्ड याने ‘बॅलन्स ऑफ पॉवर’ हा खेळ रचला. अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्या स्पर्धेचा तो डाव होता. खेळाडूने अट्टाहासाने वाद ताणला आणि अणुयुद्ध भडकले की पडदा काळा होई. स्फोटाचे चित्र नाही, ज्वाला नाहीत. अपयशाला येथे बक्षीस मिळत नाही, एवढ्याच आशयाची एक सूचना दिसे.

परंतु लोकप्रिय झाले ते निराळ्या धाटणीचे खेळ. सिड मायर याचा ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ साली आला. इसवी सनापूर्वी ४००० पासून अंतराळयुगापर्यंत एका संस्कृतीची सूत्रे एका खेळाडूच्या हाती. आणखी एकच चाल, असे म्हणत पहाट होते, असा त्याचा लौकिक. त्यात भारताचे पुढारी म्हणून महात्मा गांधी होते. पुढे खेळाडूंत एक दंतकथा पसरली. गांधीजींच्या आक्रमकतेचा आकडा आधीच सर्वांत लहान; लोकशाही आल्यावर तो आणखी कमी होताना हिशेबाच्या चुकीने एकदम २५५ होई आणि अहिंसेचे पुरस्कर्ते अणुबाँब टाकीत सुटत, अशी ती कथा. असा दोष त्या खेळात कधीच नव्हता, असे मायरने २०२० साली आपल्या आठवणींत स्पष्ट केले. कथा खोटी ठरली. परंतु ती खरी वाटावी हेच बोलके आहे. नकाशाच्या उंचीवरून पाहिले म्हणजे गांधीजीसुद्धा एक आकडाच होतात, हे खेळाडूंना आतून माहीत होते.

मराठी वाचकाला ही गोष्ट आणखी जवळून पटेल असे एक उदाहरण आहे. २००९ साली निघालेल्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ या खेळात मराठ्यांचे राज्य खेळाडूला घेता येते. सन १७०० चा हिंदुस्थान समोर पसरलेला. खजिना, फौजा, किल्ले सर्व एका दृष्टिक्षेपात. इतिहासात १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले, तेव्हा नानासाहेब पेशव्यांना ती वार्ता ज्या पत्राने कळली त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या नुकसानीची सांकेतिक भाषा होती, असे सांगतात. मोती कोण हे ओळखता येत होते. खुर्द्याची गणतीच नव्हती. डावपेचांचा खेळ ज्या उंचीवरून मांडला जातो, ती हीच उंची. पण त्याच दिवशी पायाला जखम झालेल्या महादजी शिंद्यांना उचलून रणांगणाबाहेर नेले ते राणेखान नावाच्या एका भिस्त्याने. पुढे उत्तरेत मराठ्यांची सत्ता पुन्हा उभी करणारा पुरुष त्या खुर्द्यातल्या एका माणसामुळे वाचला. ग्वाल्हेरच्या इतिहासातून राणेखान वगळता येत नाही. आणि कोणत्याही नकाशावर पाणी वाहणाऱ्या भिस्त्याचे मोहरे नसते.

खुर्द्यातल्या प्रत्येक नाण्याला नाव देण्याचा प्रयत्न जपानात १९९० साली झाला. ‘फायर एम्ब्लेम’ या खेळात पट डावपेचांचा आहे, चाली बुद्धिबळासारख्या आळीपाळीने होतात. पण प्रत्येक सैनिकाला नाव आहे, चेहरा आहे, पूर्वायुष्य आहे. लढाईत तो पडला की कायमचा गेला. पुढच्या डावात तो पुन्हा उभा राहत नाही. ब्रिटनमधील ज्युलियन गॉलप याच्या १९९४ सालच्या ‘यूएफओ: एनेमी अननोन’ या खेळात तर शिपायांची नावे खेळाडूला बदलता येत. खेळाडूंनी आपल्या मित्रांची, भावंडांची नावे देण्याचा प्रघात पाडला; आणि मग त्यांना आघाडीवर पाठविताना हात अडखळू लागला. येथे दोन्ही पिढ्या एका घरात नांदू लागल्या.

तथापि येथेच खेळाडूंच्या मतांत नवी फूट पडली. संगणकावर डाव जपून ठेवता येतो. एखादा सैनिक मेला की पुष्कळ खेळाडू खेळ बंद करीत आणि जपलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करीत. मेलेला जिवंत होई. यात गैर काय, असा एका पक्षाचा प्रश्न. दिवसभराच्या श्रमानंतर मनोरंजनासाठी बसलेल्या माणसाने एका वाईट फाशासाठी तीन तासांचा डाव का घालवावा? दुसरा पक्ष म्हणतो, मरण परत घेता येत असेल तर निर्णयाला वजन कसले? २०१० साली ‘फायर एम्ब्लेम’च्या कर्त्यांनी पडलेले सैनिक पुढील लढाईत परत यावेत अशी सोय ऐच्छिक म्हणून दिली. उलट ‘एक्स-कॉम’च्या २०१२ सालच्या नव्या आवृत्तीत एकच डाव जपला जाईल आणि मागे फिरता येणार नाही, अशीही निवड ठेवण्यात आली. दोन्ही वाटा खुल्या. पण वाद मिटलेला नाही.

या वादात पहिल्या पक्षाला हसण्याचे कारण नाही. जो मनुष्य आपल्या एका काल्पनिक सैनिकासाठी संपूर्ण डाव पुन्हा मांडावयास तयार होतो, त्याच्या मनात त्या सैनिकाची किंमत खुर्द्याइतकी नक्कीच नसते. उलट कडव्या नियमांचा अभिमानी असा कोणी, ज्याला कोणाच्या मरणाने काहीच वाटत नाही, तो कायमचे मरण स्वीकारूनही पटाच्या वरच बसलेला असतो. तेव्हा प्रश्न नियमांच्या कडकपणाचा एकट्याचा नाही. तो नियम आणि विवेक या दोहोंच्या जोडीचा आहे. आणि हे व्हेर्डी दु व्हेर्न्वाच्या काळापासून अनुभवास आलेले आहे.

बुद्धिबळाच्या पटापासून ‘फायर एम्ब्लेम’पर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे श्रेष्ठ कोण, या खेळाडूंच्या जुन्या वादाचे उत्तर मिळते. केवळ वरून पाहणाऱ्याला दूरचे दिसते, पण माणूस दिसत नाही. केवळ आतून पाहणाऱ्याला माणूस दिसतो, पण आपल्या कृतीचा दूरवर होणारा परिणाम दिसत नाही. राज्यकर्ता, सेनापती, कारखानदार, मुख्याध्यापक, ज्याच्या ज्याच्या हाती इतरांचे भवितव्य असते, त्याला दोन्ही दृष्टी लागतात. आजचा विद्यार्थी यांपैकी कोणता ना कोणता खेळ खेळतच असतो. तो किती वेळ खेळतो, हे घरची माणसे विचारतात, आणि ते विचारणे योग्यच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारून पाहावा: आज तुझ्या डावात कोण कामास आले आणि त्याचे नाव काय होते? उत्तर चटकन आले, तर तो मुलगा पटात उतरावयास शिकला आहे असे समजावे.